मैफिलीला कुठे बसावे : सभागृहातली जागा निवडण्याची रीत

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहायला जाणाऱ्याला कुठे बसावे हे शिकवावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या त्या गोल मैदानात बैठक हौद्याच्या चारी बाजूंनी चढत गेलेली आहे. पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर थेट मातीपर्यंत पोहोचते आणि जवळ बसायचे की वर, एवढाच काय तो प्रश्न उरतो. गाण्याच्या सभागृहात मात्र डोळ्यांबरोबर कानांचाही हिशेब करावा लागतो आणि तो करायची सवय आपल्याकडे कमी आहे. पहिली रांग मानाची, म्हणून तीच उत्तम, असे आपण धरून चालतो. कोल्हापूर, सांगली, मिरज अशा फेऱ्या मारत बरीच वर्षे गाणे ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मानाची जागा आणि ऐकण्याची जागा सहसा एक नसते, आणि थोडी माहिती असेल तर मधल्या दराच्या तिकिटातही सभागृहातली सर्वांत चांगली खुर्ची मिळू शकते.

आधी ठरवा, ऐकायचे काय

तिकीट काढण्यापूर्वी कार्यक्रम कोणता आहे याचा नीट विचार करावा, कारण एकाच सभागृहातली एकच खुर्ची ख्यालाला, म्हणजे रागदारी गायनाला, उत्तम आणि कथकला निरुपयोगी ठरू शकते.

ख्यालगायनासाठी पुढून तिसऱ्या ते आठव्या रांगेतली, मध्याच्या जवळची जागा मला सर्वांत योग्य वाटते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या कोल्हापुरात आपली उमेदीची वर्षे काढली, तिथल्या श्रोत्याला त्यांच्या गायकीची ओळख करून द्यायला नको. एकात एक गुंफलेले पेच, मोकळ्या 'आ'कारातल्या वेगवान ताना आणि लयीला धरून चालणारी प्रत्येक फिरत, असे हे गाणे आहे. सभागृह घुमणारे असेल आणि आपण फार मागे बसलो असू, तर एका स्वराचा निनाद विरण्याआधी पुढचे दोन स्वर येऊन पडतात आणि तान म्हणजे नुसता गलबला होतो. अशा गाण्याला जवळ बसावे. संथ लयीत एकेका स्वरावर रेंगाळणाऱ्या आलापीला थोडा निनाद सोसतो, किंबहुना शोभतो, म्हणून ते गाणे चार-पाच रांगा मागे बसूनही सुखाने ऐकता येते.

नृत्याचे गणित वेगळे आहे. रंगमंच साधारणपणे तीन ते साडेतीन फूट उंच असतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येतात. म्हणजे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाची नजर रंगमंचाच्या फळीला जवळजवळ समांतर जाते. त्याला चेहरा आणि हात सुंदर दिसतात, पण पावले पुढच्या स्पीकरच्या आणि फुलांच्या कुंड्यांच्या आड जातात आणि समूहनृत्यातली रचना तर कळतच नाही. नृत्यासाठी उतरत्या सभागृहाचा मध्यभाग किंवा बाल्कनीची पुढची बाजू घ्यावी.

संगीत नाटकात शब्द आणि पद दोन्ही महत्त्वाचे असतात. चेहऱ्यावरचे बारीक भाव साधारण 20 मीटरपर्यंत नीट दिसतात, त्यापुढे अभिनय हातवाऱ्यांपुरता उरतो, म्हणून नाटकाला रंगमंचापासून एवढ्या अंतराच्या आतली जागा पाहावी. हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला मात्र जवळ बसण्यात काहीच मिळवायचे नसते, कारण तिथे ऐकू येते ते सगळे स्पीकरमधून. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

सभागृह एकदा रिकामे पाहून घ्या

शाहू स्मारक भवनासारख्या ठिकाणी आपले जाणे-येणे असतेच. व्याख्यान असो की पुस्तक प्रकाशन, कार्यक्रमाच्या वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे आणि सभागृहात एक चक्कर मारावी. मधोमध उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवावी आणि आवाज कसा विरतो ते ऐकावे. तो एकसंध विरत गेला तर चांगले. 'टप्-टप्-टप्' असा थरथरत परतला, तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा उसळतो आहे असे समजावे आणि त्या भिंतींजवळच्या जागा टाळाव्यात. भरलेल्या सभागृहात माणसे आणि त्यांचे कपडे पुष्कळ आवाज शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहात वाटतो तेवढा घुमारा रात्री राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. दुपारी घुमणारी जागा रात्री अगदी ठाकठीक ऐकू येते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर मागची भिंत पाहावी, आणि हा मुद्दा फारसे कुणी सांगत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहिते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. थेट आलेला आवाज आणि भिंतीवर आपटून आलेला आवाज यांच्यात सेकंदाच्या विसाव्या हिश्शापेक्षा कमी अंतर असेल तर आपला कान दोन्ही मिळून एकच, अधिक भरदार आवाज ऐकतो. संगीतात ही सवलत थोडी जास्त असते, पण अंतर त्याहून बरेच वाढले की दुसरा आवाज वेगळा ऐकू यायला लागतो, आणि तोच प्रतिध्वनी. आता समजा, सभागृह 25 मीटर लांब आहे आणि आपण रंगमंचापासून 3 मीटरवर दुसऱ्या रांगेत बसलो आहोत. गायकाचा आवाज आपल्याला ऐकू येतो, पुढे जाऊन मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. हा जादा प्रवास 44 मीटरचा झाला, म्हणजे तो आवाज सेकंदाच्या सुमारे आठव्या हिश्शाने उशिरा आला. मागची भिंत नुसत्या गिलाव्याची असेल, तिला पडदा, लाकडी पट्ट्या किंवा सच्छिद्र फळ्या लावलेल्या नसतील, तर हा प्रतिध्वनी सर्वांत जास्त छळतो तो पुढच्या रांगांना. मागच्या रांगेतल्या माणसाला थेट आवाज आणि परतलेला आवाज जवळजवळ एकदमच मिळतात, त्यामुळे त्याला तो जाणवत नाही. मागची भिंत उघडी दिसली की मी दुसऱ्या रांगेचा हट्ट सोडते आणि मध्यावर जाते.

बाल्कनी : वर उत्तम, खाली जपून

बाल्कनीला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. सपाट जमिनीवरच्या खुर्च्यांमध्ये आवाज माणसांच्या डोक्यांना घासत मागे जातो आणि त्या वाटेत खालच्या पट्टीतला बराच भरीवपणा गळतो. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा) घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, मागे पोहोचेपर्यंत पातळ होतात. बाल्कनीच्या पहिल्या-दुसऱ्या रांगेपर्यंत आवाज मोकळ्या हवेतून, कुणाच्या डोक्याला न घासता येतो. शिवाय तिथून जे दिसते ते खालून कधीच दिसत नाही. पेटीचा भाता श्रोत्यांकडे आणि पट्ट्या वादकाकडे असतात, त्यामुळे खाली बसलेल्याला फक्त भात्याची उघडझाप दिसते. वरून मात्र बोटे दिसतात. गायकाने एखादी हरकत टाकली की साथीदाराचे बोट पट्टीवर क्षणभर थबकते आणि मग ती हरकत तशीच्या तशी उमटते. हे एकदा पाहिले की साथसंगत म्हणजे काय ते समजते. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत उंचीने लहान असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमका कठडा येतो, म्हणून बसून पाहिल्याशिवाय ती रांग घेऊ नये. दुसरी रांग बहुतेक वेळा निर्धोक असते.

बाल्कनीच्या खालची जागा मात्र जपून निवडावी. तिथे छत डोक्यावर अगदी जवळ येते आणि सभागृहाच्या उंच छतावरून परतणारा आवाज आत शिरतच नाही; गाणे शेजारच्या खोलीत चालले आहे असे वाटत राहते. यासाठी एक सोपी कसोटी आहे. त्या खुर्चीत बसून समोर वर पाहावे. मुख्य सभागृहाचे छत बऱ्यापैकी दिसत असेल तर तिथला आवाजही पोहोचेल, आणि केवळ रंगमंचाची चौकटच दिसत असेल तर ती रांग सोडून पुढे सरकावे.

मध्यरेषा, कडा आणि स्पीकर

आजची बहुतेक मैफल माइकवर होते, आणि त्यामुळे जागेचा हिशेब बराच बदलतो. गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाचे आपले नाट्यगृह 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झाले, तेव्हा नटाचा गळा आणि वास्तूची बांधणी यांच्या जोरावरच पद शेवटच्या रांगेपर्यंत जात असे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्या वास्तूला आग लागली तेव्हा तिथे लहानपणापासून गाणी ऐकलेल्या आम्हा कोल्हापूरकरांच्या पोटात जे तुटले ते शब्दांत सांगता येत नाही. कोणत्या रांगेत कोणाचा कोणता राग ऐकला, हे त्या वास्तूच्या बाबतीत अनेकांना पाठ होते.

माइक असला की रंगमंचाच्या दोन्ही कडांना स्पीकर उभे असतात. आपण उजव्या कडेला बसलो आणि उजवा स्पीकर डाव्यापेक्षा 10 मीटर जवळ असला, तर त्याचा आवाज डाव्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे चौतिसाव्या हिश्शाने आधी येतो. कान आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. परिणाम असा की गायक मधोमध बसलेला दिसतो आणि गाणे कडेच्या खांबातून येते. डोळे आणि कान असे दोन दिशांना ओढले जात असताना तीन तास ऐकणे फार थकवणारे असते. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात मी मोठ्या उत्साहाने पहिल्या रांगेच्या अगदी उजव्या टोकाची दोन तिकिटे काढली होती. आईच्या डोक्यापासून जेमतेम आठ फुटांवर स्पीकर होता. विलंबित ख्याल संपेपर्यंत तिला तबल्याची चाट (काठावरचा टोकदार बोल) तेवढी कानात टोचत राहिली, बंदिशीचा एक शब्द लागला नाही आणि मध्यंतरात ती म्हणाली, "मी आपली मागे दाराशी बसते." ती मागे गेली आणि नंतरचे सगळे गाणे तिने माझ्यापेक्षा चांगले ऐकले.

म्हणून माइकवरच्या कार्यक्रमात दोन स्पीकरमध्ये जेवढे अंतर असेल, साधारण तेवढेच रंगमंचापासून मागे यावे आणि मध्यरेषेच्या आसपास बसावे. ध्वनिव्यवस्था पाहणारा माणूस आपले मिक्सरचे टेबल घेऊन सभागृहात मागच्या बाजूला मध्यावर बसलेला असेल, तर त्याच्या एक-दोन रांगा पुढची जागा डोळे मिटून घ्यावी. तो आवाज आपल्या कानांना बरा वाटेल असाच जुळवत असतो आणि आपण त्याच्याच कानांनी ऐकत असतो. मिक्सर रंगमंचाच्या विंगेत ठेवलेला असेल तर हा फायदा मिळत नाही.

अगदी मधोमधची खुर्चीच हवी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मध्यभागी चालायची वाट असेल तर तिच्या लगतची खुर्ची बहुतेक वेळा उत्तम असते, कारण पुढे डोके नसते आणि पाय पसरता येतात. फक्त उशिरा येणारे श्रोते सगळे तिथूनच जातात, हे सोसावे लागते. डावी की उजवी हा प्रश्न वाद्यवादनाला महत्त्वाचा आहे. सतार किंवा सरोद वाजवणाऱ्याचा छेडणारा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो आणि सुरावटीचा डावा हात उजव्या बाजूला. तार छेडणाऱ्या नखीचे काम पाहायचे असेल तर मध्यापासून थोडे डावीकडे, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) कशी ओढली जाते ते पाहायचे असेल तर थोडे उजवीकडे बसावे. वाद्य शिकणाऱ्या मुलांना नेताना मी हे आवर्जून पाहते.

घरच्या मंडळींचा विचार

एका कानाने कमी ऐकू येणारे माणूस बरोबर असेल तर त्याला अशा बाजूला बसवावे की चांगला कान रंगमंचाकडे राहील. उजवा कान चांगला असेल तर सभागृहाच्या डाव्या बाजूला. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना स्पीकरपासून लांब, पण बाल्कनीच्या खाली नाही, अशी जागा द्यावी. गुडघ्यांचे दुखणे असेल तर बाल्कनीच्या पायऱ्या आणि रांगेचा मध्य दोन्ही टाळावेत. लहान मुलांना घेऊन दाराजवळच्या रांगेचे टोक गाठावे, म्हणजे रडू फुटताच दोन पावलांत बाहेर पडता येते.

मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाबाबत मी थोडी कडक आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले जाते, पण दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते आणि 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आवाज मोजायची अॅपे मोबाइलवर मिळतात, त्यांचा आकडा अगदी अचूक नसला तरी अंदाज येतो. शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर मुलांना घेऊन तिथे बसू नये, तिकीट कितीही महागाचे असो.

तिकीट खिडकीवर

खुर्च्यांचा प्लॅन पाहिल्याशिवाय तिकीट घेऊ नये. ऑनलाइन काढतानाही नकाशा पुरता उघडून तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे रांगांची अक्षरे कुठून सुरू होतात, कारण पुढच्या दोन-चार रांगा निमंत्रितांसाठी राखीव असल्या तर विक्रीतली 'पहिली' रांग प्रत्यक्षात पाचवी असते, आणि ख्यालासाठी ते उलट सोयीचेच. दुसरी म्हणजे खांब, दारे आणि बाल्कनीची कड कुठे येते. तिसरी म्हणजे क्रमांकांची पद्धत. काही ठिकाणी मधल्या वाटेच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम आकडे असतात, त्यामुळे 7 आणि 8 क्रमांकाची तिकिटे घेऊन नवरा-बायको वाटेच्या दोन बाजूंना बसलेले मी पाहिले आहेत. खिडकीवर बसलेल्या माणसाला सरळ विचारावे, "दादा, मिक्सर कुठे ठेवणार?" किंवा "कॅमेऱ्याचा स्टँड कोणत्या रांगेत येणार?" त्याला बहुधा माहीत असते, आणि चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यामागची जागा विकत घेण्याची पाळी टळते.

ज्या कार्यक्रमात क्रमांक नसतात, तिथे लवकर पोहोचणे हाच उपाय. गायन समाज देवल क्लबसारख्या जुन्या संगीतसंस्थांच्या किंवा घरगुती बैठकांच्या मैफलींत अंतरे मुळातच लहान असतात, त्यामुळे कडेच्या जागेतही काही बिघडत नाही. तिथे भिंतीला पाठ टेकायला मिळाली तर ती खुशाल घ्यावी, फक्त पंख्याच्या घरघरीखाली बसू नये. मंगल कार्यालयात पावसाळ्यात गाणे असेल आणि छत पत्र्याचे असेल, तर मात्र मध्याच्या मोहात न पडता सरळ पुढे जाऊन बसावे. आषाढाची सर पत्र्यावर कोसळली की तिसऱ्या रांगेच्या मागे तानपुरा ऐकूच येत नाही.

जागा बरोबर आहे का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते

तानपुरे जुळत असताना बोलणे थांबवून कान द्यावा. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद, वेगळी ऐकू येते का, डग्ग्याची घुमक आणि दायाची (उजव्या तबल्याची) चाट एकमेकांपासून सुटी आहेत का, आणि बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) आला की त्यातली व्यंजने लागतात का, या तीन गोष्टी तपासाव्यात. तिन्ही जमल्या तर जागा चांगली. शब्द लागत नसतील तर चार रांगा पुढे, आवाज टोचत असेल तर चार रांगा मागे, आणि सगळे एकाच बाजूने येत असेल तर मध्याकडे सरकावे. अर्थात गाणे चालू असताना उठू नये, दोन रचनांमधल्या टाळ्यांच्या वेळी किंवा मध्यंतरात रिकाम्या खुर्चीची विचारपूस करून जागा बदलावी.

मी एक लहान वही ठेवली आहे. तीत सभागृह, रांग, खुर्ची, माइक होता की नाही, आणि वरच्या तीन गोष्टींपुढे बरोबर किंवा चूक एवढीच नोंद असते. पुढच्या वेळी त्याच सभागृहाचा प्लॅन समोर आला की वही उघडायची आणि खुर्चीवर बोट ठेवायचे; खिडकीपाशी मागच्या रांगेला खोळंबून ठेवावे लागत नाही.